ट्रिगरशेजारी कोण बसणार?

त्या माशाला एकही मित्र नाही, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती दाढ किडलेल्या एका मुलीच्या. ती आईच्या मांडीवरून उतरून टाकीपाशी गेली, काचेला नाक लावून बराच वेळ आत बघत राहिली आणि मग सरांकडे वळून म्हणाली, "आजोबा, ह्याच्याशी कोणी खेळत नाही का?" आणि रडायला लागली. आता ती माशासाठी रडत होती की दाढेसाठी, हे आधी तपासायला हवं होतं. सरांनी ते तपासलं नाही. मुख्याध्यापक म्हणून काढलेल्या इतक्या वर्षांत त्यांनी एकाही मुलाला बाकावर एकटं बसू दिलं नव्हतं, आणि इथे त्यांच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर एक विद्यार्थी कधीपासून एकटा बसला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. सरांच्या ते जिव्हारी लागलं.

सर म्हणजे दाताच्या डॉक्टरीणबाईंचे वडील. मुलीने लहान मुलांच्या दातांचा हा दवाखाना एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून चालू स्थितीत विकत घेतला, तेव्हा खुर्च्या, पंखे आणि हसऱ्या दातांची चित्रं यांच्याबरोबर बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी आणि तिच्यातला मासाही आला. सर निवृत्त होऊन साधारण त्याच सुमारास तिथे आले. टाकीशेजारी, खिडकीखाली, दोन्ही बाजूंना हात असलेली एक ऐसपैस खुर्ची होती, ती पहिल्याच दिवशी सरांची झाली. मुलं आत जायला घाबरतात, तर बाहेर त्यांना गोष्टी सांगायला कोणी असावं, एवढीच मुलीची अपेक्षा होती. गोष्टी सर उत्तम सांगत. पण गोष्टींवर थांबले असते तर ते सर कसले!

त्याच खोलीत दारासमोर रिसेप्शनचं टेबल होतं, आणि त्या टेबलामागे कोणी टिकत नसे. पहिली मुलगी आली तेव्हा सर मुलांना उंचीप्रमाणे बसवायला लागले होते, बुटकी पुढे आणि उंच मागे. ती बिचारी नंबराप्रमाणे हाक मारी. त्यामुळे दर हाकेला सगळा वर्ग उठून पुन्हा बसे, आणि एकदा तर दात काढायचा त्याचा साफ झाला आणि साफ करायचा त्याचा जवळजवळ निघालाच होता. ती गेली. दुसरीने फोनवर बोलताना पाठ ताठ ठेवावी म्हणून सर फार झटले. तीही गेली. आता तिसरी होती. हल्लीच्या पोरांना एका जागी टिकून बसता येत नाही, असं सरांचं निदान होतं. त्यावर मुलगी थोडा वेळ वडिलांकडे बघत राही.

पण आपण माशाकडे वळू. मासा ट्रिगर जातीचा. दीड वीत लांब, काळाकुट्ट, पोटावर रुपयाएवढे पांढरे ठिपके आणि ओठ पिवळे, जणू कोणाचा तरी खाऊ पळवून नुकताच आलाय. पाठीवर त्याला एक काटा असतो. संकट आलं की तो दगडाच्या फटीत शिरतो आणि काटा उभा करतो. तो काटा अडसरासारखा अडकून बसतो, मग त्याला कोणाचा बापही बाहेर काढू शकत नाही. एरवी दिवसभर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी, जागचा हललेला दगड तोंडाने ढकलून आपल्या मनासारखा ठेवी आणि काचेबाहेरच्या मुलांवर एकेक डोळा वेगवेगळा फिरवी. मुलांनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं होतं. सरांना ते आवडलं होतं.

मुलांना बसवण्याचं सरांचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी कुठल्याही पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. खोडकराशेजारी गरीब मूल बसवायचं. गरीब मुलाची शांती हळूहळू खोडकरात उतरते. (खोडकराची खोडी गरीब मुलात उतरल्याची काही उदाहरणं होती, पण ती मुलं मुळातच गरीब नव्हती असा निष्कर्ष सरांनी काढला होता.) हे शास्त्र घेऊन सर माशांच्या दुकानात गेले आणि त्यांनी सगळ्यात गरीब स्वभावाचा मासा मागितला.

दुकानदार म्हणाला, आमच्याकडचा प्रत्येक मासा गरीबच आहे. आपापसात मारामारी करत असलेले दोन मासे त्याच्या पाठीमागे दिसत होते, पण ते खेळतायत असं तो म्हणाला. शेवटी केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले तीन जोकर मासे पाण्याच्या पिशवीत बसून दवाखान्यात आले. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे सरांनी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं, मुलांना शांत बसायला सांगितलं, आणि तिघांना पाण्यात सोडण्याआधी चार शब्द बोलले. हेडमास्तर ते शब्द संपेपर्यंत फटीच्या तोंडाशी थांबून राहिला. सरांना त्याच्या शिस्तीचं कौतुक वाटलं.

जोकर मधल्या सुटीपर्यंतसुद्धा टिकले नाहीत. दुपारच्या मुलांनी तीन मासे कुठायत म्हणून विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "घरी गेले." आयुष्यात वर्गात बोललेलं ते त्यांचं पहिलं खोटं. आणि ते बोलताना काचेपलीकडून हेडमास्तर त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत होता, दुसरा डोळा त्याने आधीच पुढच्या बाकाकडे वळवला होता.

दुकानदाराला हे कळलं तेव्हा तो अजिबात दचकला नाही. म्हणाला, सर, तुमच्या टाकीला मित्र नकोत, सफाईवाले पाहिजेत. त्यांच्याकडे मासा बघतही नाही. त्याने चार झिंगे आणि मूठभर गोगलगायी दिल्या. ट्रिगरचे दात नेमके अशीच कवचं फोडायला झालेले असतात, हे दुकानदाराला माहीत होतं की नव्हतं, यावर आजही दोन मतं आहेत. मासा त्यांच्याकडे बघत नाही हे मात्र खोटं होतं. तो फार बारकाईने बघत होता. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत कवच फुटल्याचा कटकट आवाज ऐकत बसलेल्या मुलांना आत आपल्या दातांचं काय होणार याची नीट कल्पना आली, आणि त्यांतल्या दोघांनी चप्पल न घालता पळ काढला.

त्या दिवशी मुलगी मास्क हनुवटीखाली ओढून बाहेर आली. ती मोठ्याने बोलणारी नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "ह्या टाकीत आता एक जरी मासा मेला ना, तर मी टाकी दुकानदाराला परत देते आणि तिथे टीव्ही लावते. कार्टूनचा."

सरांना जे जे नको होतं ते सगळं एका शब्दात सांगायचं तर तो शब्द टीव्ही. सगळी मुलं एकाच दिशेला तोंड करून, तोंडं उघडी टाकून, एक शब्द न बोलता बसलीयत, आणि शेजारी गोष्ट सांगणारा माणूस बसलाय आणि त्याला कोणी विचारत नाही. टाकी गेली की टाकीशेजारची खुर्ची कशाशेजारची राहणार, हाही एक प्रश्न होता. तो सरांनी मनात आणला आणि लगेच बाहेर काढला.

आता मध्ये शेजारच्या चष्मेवाल्याचं सांगायला हवं. दवाखान्याला लागून त्याचं चष्म्यांचं दुकान. तोच इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी. शेजारी म्हणून तो फार मोकळा माणूस, येताजाता सल्ला देणारा. पण सेक्रेटरी म्हणून बोलायचं झालं की तो नाकावरचा चष्मा काढून खिशातला जाड काळ्या काड्यांचा दुसरा चष्मा लावी, आणि मग त्याला आपण शेजारी म्हणून काय बोललो होतो ते आठवत नसे. खाऱ्या पाण्याच्या टाकीला मिठाच्या गोण्या लागतात. ते मीठ पाण्यात कालवून बादल्यांनी ओतावं लागतं. शेजाऱ्याने गोण्या उचलायला स्वतः हात लावला, आणि संध्याकाळी सेक्रेटरीचं पत्र आलं की लिफ्टमध्ये खारट पाणी सांडून लिफ्ट गंजण्याचा धोका आहे, तसंच इमारतीत पाळीव प्राणी ठेवायला मनाई आहे, तरी खुलासा करावा.

सर खुलासा करायला शेजारी गेले. मासा पाळीव प्राणी नसून दवाखान्याच्या सजावटीचा भाग आहे, असं त्यांनी मांडलं. सेक्रेटरीने काळा चष्मा सावरून विचारलं, मग तो खातो का? सर म्हणाले, खातो. सेक्रेटरी म्हणाला, सजावट खात नाही. अखेर "तात्पुरती, हालचाल करणारी सजावट" अशी नोंद होऊन विषय पुढच्या बैठकीपर्यंत टळला. मग चष्मेवाल्याने चष्मा बदलला आणि मायेने विचारलं, "काय म्हणतोय आपला हेडमास्तर?"

गरिबांचा प्रयोग फसला तेव्हा सरांनी शास्त्राचं दुसरं कलम काढलं. खोडकर मुलावर शेजारी बसलेल्या मुलाचा परिणाम होत नसेल, तर त्याच्याजवळ वरच्या वर्गातला दांडगा मुलगा बसवायचा. दुकानदाराकडे असा एक ग्रुपर होता. तपकिरी, जाड ओठांचा, हेडमास्तरच्या दीडपट. त्याने टाकीत उतरून काही केलं नाही, नुसती जांभई दिली. पण त्या जांभईत हेडमास्तर सहज मावला असता, हे हेडमास्तरने एका डोळ्यात ओळखलं. तो फटीत शिरला आणि त्याने काटा उभा केला.

तो बाहेरच येईना. सकाळी आत, संध्याकाळी आत, खाणं नाही, फेऱ्या नाहीत. ग्रुपरने त्याचे दगड शेपटीने उधळले तरी हा फटीतून एका डोळ्याने बघत राहिला. गरिबांना मारलं तेव्हा ज्याचा राग आला होता, त्याच्याकडे आता सरांना बघवेना. दवाखाना रिकामा असला की ते खुर्ची फटीसमोर ओढून त्याला हळू आवाजात गोष्टी सांगत. एकदा तिसऱ्या रिसेप्शनिस्टने हे पाहिलं आणि ती पाण्याचा ग्लास त्यांच्याजवळ ठेवून गेली. ग्लास पुस्तकावर ठेवू नये, एवढं सरांनी तिला समजावून सांगितलं. मग ग्रुपर दुकानदाराला परत केला. दुकानदार म्हणाला, तरी मी म्हणत होतो. तो तसं म्हणत नव्हता.

हेडमास्तर बाहेर आला, त्याने पहिल्यांदा सगळे दगड पूर्ववत लावले, मग जेवला.

अशा वेळी शेजाऱ्याने वाम ही सापासारखी मासळी सुचवली. चष्मेवाल्याचं म्हणणं होतं की शेजारी बसवायचाय कशाला, खाली बसवा. वाम बिळात राहते, ट्रिगर वर फिरतो, दोघांची वाट कुठे मिळतच नाही. त्याच्या साडूच्या ओळखीत कोणाकडे तरी अशी जोडी गुण्यागोविंदाने नांदत होती. सरांना हे पटलं. शाळेतही तळमजल्याची मुलं आणि वरच्या मजल्याची मुलं कधी भांडत नसत, ती फक्त एकमेकांवर थुंकत. गजाएवढी लांब, ठिपक्याठिपक्यांची वाम आली. तिने सगळी टाकी एकदा तपासली, दगडाखाली बीळ निवडलं आणि तोंड तेवढं बाहेर काढून बसली. हेडमास्तरने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सोडून दिलं. सरांना आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी सेक्रेटरीचं पत्र आलं की इमारतीत सर्पसदृश प्राणी आणल्याची तक्रार आहे. तक्रार कोणाची, तर शेजाऱ्याची.

वामेची एक सवय दुकानदाराने सांगितली नव्हती. टाकीच्या झाकणाला बोटभर फट मिळाली तरी ती बाहेर पडते. एका सकाळी सर चिमट्याने तिला खाऊ घालून झाकण लावत होते, तेव्हा तिसरी रिसेप्शनिस्ट म्हणाली, "सर, त्या कोपऱ्यात झाकण बसलेलं नाही वाटतं." सरांनी तिला सांगितलं की बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी झाकणं लावतोय.

दुपारी बाहेरची खोली भरलेली होती. आत एक मुलगा खुर्चीत बसला होता, तीन वेळा येऊन त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्याचे वडील हात जोडून, आई ओरडून, आणि डॉक्टरीणबाई गोड बोलून थकल्या होत्या. तेवढ्यात मासिकांच्या रॅकखालून काहीतरी ओलं, ठिपक्याठिपक्यांचं, संथपणे निघालं आणि आतल्या खोलीकडे वळलं. बाहेरची मुलं खुर्च्यांवर चढली. आया मुलांवर चढल्या. सर उभे राहून "सगळ्यांनी आपापल्या जागी बसा" असं म्हणाले, पण आपापल्या जागी वाम होती. ती दारातून आत गेली, आणि खुर्चीतल्या मुलाने तिला पाहिलं.

त्याचं तोंड उघडलं. असं उघडलं की पडजीभ दिसली, तिच्या मागचंही बरंच काही दिसलं. डॉक्टरीणबाईंनी मुलाची ही शेवटची संधी ओळखून पाय वर घेतले आणि दाढ काढली. कित्येक वर्षांत तिथे इतक्या चटकन कोणाची दाढ निघाली नव्हती. इकडे तिसऱ्या रिसेप्शनिस्टने टेबलावरचा टॉवेल ओला केला, वामेवर टाकला, तिला मानेमागे धरून उचललं, टाकीत सोडलं आणि झाकण लावलं. कोपरा दाबून नीट लावला. वाम जगली. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीने काम सोडलं.

आतल्या खोलीत ती डॉक्टरीणबाईंचा निरोप घेत होती. दार लोटलेलं होतं, सर बाहेर खुर्चीत होते. तिचा आवाज आला, "नाही मॅडम, त्या वामेचं मला काही वाटलं नाही." मग कोणीतरी दार आतून पुरतं लावून घेतलं.

किती धीराची मुलगी, सरांना वाटलं. अशी मुलगी जाते म्हणजे कमाल आहे. कारण काय असेल?

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सरांच्या सदऱ्याची घडी पुरी केली, मग म्हणाली, "तुमच्या टाकीत काही टिकत नाही हो."

"माशाचा स्वभावच तसा आहे."

"मी माशाचं बोलत नाहीये. लेक परवा विचारत होती, बाबांना घरी करमेल का म्हणून."

सरांनी विचारलं, मग तू काय सांगितलंस? ती म्हणाली, मी सांगितलं, त्यांना करमेल, मला करमायचं नाही. आणि दुसऱ्या सदऱ्याची घडी घालायला घेतली. त्या रात्री सर जेवताना कोणालाही पाठ ताठ ठेवायला सांगायचं विसरले.

मासा एकही मेला नव्हता, तरी वामेच्या फेरफटक्यानंतर मुलीने टीव्हीवाल्याला शनिवारी बोलावलं होतं. वाम परत गेली. पण मुलगी वडिलांची होती, हातात घेतलेला विद्यार्थी नापास करण्याआधी तिने एकदा फेरपरीक्षा घ्यायची ठरवली. या वेळी दुकानदाराशी ती स्वतः बोलली. दाढेचा एक्स-रे बघत विचारावेत तसे तिने प्रश्न विचारले. हा मासा काय खातो, तो मासा काय खातो, मोठा किती होतो, झोपतो कुठे? दुकानदाराला इतकी खरी उत्तरं एका दमात द्यायची सवय नव्हती, तो घामाघूम झाला. शेवटी तो म्हणाला की एक टँग आहे, पिवळा, ताटलीएवढा, शेवाळ खातो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण शेपटीजवळ त्याला वस्तऱ्यासारखं पातं असतं, म्हणून कोणी वाटेलाही जात नाही. आणि जाता जाता, नवे दगड विकायची संधी साधून तो आणखी एक गोष्ट बोलला, की नवा मासा सोडायच्या आधी टाकीतले सगळे दगड हलवायचे, जमल्यास काही बदलायचेही. नव्या दगडांत त्याचा फायदा होता हे खरं. पण त्याने आपणहून सांगितलेल्यातली तेवढीच गोष्ट खरी निघाली हेही खरं.

हात टाकीत घालायचा तर ट्रिगर चावतो, म्हणून मध्ये जाळी धरून सरांनी एकेक दगड हलवला. उजवीकडची रास डावीकडे आली, फट होती तिथे वाळू झाली, वाळू होती तिथे नवा भोकांचा दगड उभा राहिला. मग टँग सोडला. खोलीत मुलं होतीच. ती विचारायला लागली की आजोबा, हेडमास्तरचं घर का मोडलं?

आता हे मुलांना समजावून सांगणं सरांच्या हातचं काम होतं. त्यांनी मुलांना काचेभोवती गोल बसवलं. या वेळी उंचीप्रमाणे बसवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "हेडमास्तर वाईट नाही. तो इथे सगळ्यांच्या आधीपासून आहे. त्याला वाटतं, ही फट माझी, हा दगड माझा, तो कोपराही माझाच. मग नवीन कोणी आलं की त्याला वाटतं, माझ्या घरात हा कोण शिरला? म्हणून तो चावतो. त्याला चावायचं नसतं, जागा राखायची असते. आता आपण सगळे दगड हलवले. आता त्याची फट कुठाय? ती त्यालाच सापडत नाहीये. तो पिवळा जसा नवा, तसा हाही नवा. ज्याला स्वतःची जागा सापडत नाही, तो दुसऱ्याला कुठून हाकलणार?"

दात पडलेला एक मुलगा म्हणाला, "पण आजोबा, त्याला वाईट वाटेल ना?"

"वाटेल थोडं," सर म्हणाले. "एखादा दिवस कोपऱ्यात बसेल. मग शिकेल."

मुलं काचेकडे वळली. सरांनी वर पाहिलं तर आतल्या खोलीच्या दारात, मास्क हनुवटीखाली ओढून, मुलगी उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. नेहमीसारखी थोडा वेळ वडिलांकडे बघत राहिली, फक्त आज तिच्या डोळ्यांत थोडं हसू होतं. सरांना वाटलं, धडा चांगला झाला.

धडा खरोखरच चांगला झाला होता. हेडमास्तरने टँगकडे एकदा झेप घेतली, टँगने शेपूट वळवून पातं दाखवलं, आणि हेडमास्तर आपली फट शोधायला निघून गेला. ती सापडेना. तो शोधत राहिला. टँग काचेवरचं शेवाळ खरवडत राहिला. शनिवारपर्यंत दोघांत भांडण नाही आणि दोस्तीही नाही. सरांनी घरी सांगितलं की दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, पण चावतही नाहीत. बायको म्हणाली, मग झालं की, इतकी वर्षं आपलं वेगळं काय चाललंय?

टीव्हीवाला आला नाही. मुलीने फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं, हे सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या रविवारी मी दवाखाना आवरून घेणारे. तुम्ही नका येऊ. सोमवारपासून नवी मुलगी येतेय."

सोमवारी सर हातात नव्या गोष्टींचं पुस्तक घेऊन दार ढकलून आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. समोर टेबल असायचं, तिथे टेबल नव्हतं. टेबल खिडकीखाली होतं, जिथे खुर्ची असायची. टाकी तेवढी जागेवर होती, ती कोणाला हलवता येणारीच नव्हती. मासिकांचा रॅक टाकीपलीकडे गेला होता, खुर्च्या रांगेत नव्हत्या, गोल मांडल्या होत्या, आणि घड्याळ दुसऱ्याच भिंतीवर होतं. हात असलेली ती ऐसपैस खुर्ची सरांना एकदम दिसेना. दोन पावलं उजवीकडे, दोन पावलं डावीकडे. शेवटी सर टाकी आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून, पुस्तक छातीशी धरून उभे राहिले.

टेबलामागे एक नवी मुलगी बसली होती. वही उलटसुलट करून ती कुठली बाजू पुढची हे शोधत होती, आणि फोन वाजला तेव्हा तिची पाठ प्रश्नचिन्हासारखी वाकलेली होती. फोन ठेवून तिने मान वर केली. सरांना तिने आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"आजोबा, कोणाचा नंबर आहे? नातवाचा का?"

सरांनी तोंड उघडलं. आपण कोण, ही खुर्ची, म्हणजे ती खुर्ची, कोणाची, फोन कसा धरायचा आणि वही कुठून उघडायची, हे सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या काचेवर काहीतरी टक्कन वाजलं. हेडमास्तर नव्या दगडाच्या भोकात डोकं घालून बघत होता. ते त्याला लहान पडलं. तो मागे सरला, थोडा वळला आणि पुढच्या भोकाकडे निघाला. वर टँग निवांत चरत होता.

"नंबर नाही," सर म्हणाले. "मीही नवीनच आहे इथे."

"मग बसा ना," ती म्हणाली आणि बोट दाखवलं. मुलांच्या खुर्च्यांच्या गोलात, इतर खुर्च्यांच्या बरोबरीने, ती हातांची खुर्ची ठेवलेली होती. डावीकडे एक मूल, उजवीकडे एक मूल, आणि दोघांपैकी गरीब कोण आणि खोडकर कोण, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सर जाऊन बसले.

दुसऱ्या भिंतीवरचं ते घड्याळ चांगलं बोटभर वाकडं टांगलेलं होतं. ते सरांनी दुपारपर्यंत कोणाला सांगितलं नाही.